अंगठा पोचेल तिथं

८ जानेवारी २०२३, रविवार

तीन तास! तीन तास बसलो आणि ठरलं काय, तर पुढच्या रविवारी परत बसायचं. मोबाइलच्या स्क्रीनवर कुणाचा फोटो आधी आणि कुणाचा नंतर — यावर तीन तास. किळस आली अक्षरशः.

पाडव्याला इथल्या, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांच्या दोन संस्था एक होणार आहेत. एक आमचा छावनीचा समाज — शिपाई-शिलेदारांची नातवंडं, आता कुणी मास्तर, कुणी दुकानदार. दुसरं फूलबागेकडचं मंडळ — दफ्तरवाले आणि पूजाअर्चावाले, आता वकील नि डॉक्टर. पिढ्यान्‌पिढ्या गणपती वेगळे, हळदीकुंकू वेगळं. आता दोन्हीकडची पोरं पुण्या-बंगलोरला गेली, खुर्च्या भरायला माणसं उरली नाहीत, म्हणून हे एकत्रीकरण. आणि त्याला शोभा म्हणून एक ॲप! ते कुणी करायचं? तर विश्वासरावांची मुलगी नोएडाच्या कंपनीसाठी घरबसल्या ‘स्क्रीनचं काहीतरी’ करते ना, तिनं.

मी हो म्हटलं ते एकाच कारणासाठी. मधुसूदनकाका. मागच्या हिवाळ्यात न्हाणीघरात पडले, दीड दिवस तसेच. मुलगा हैदराबादला, मुलगी कॅनडात. फोन हातात होता — हातात! पण चष्मा फुटलेला, नंबर शोधता येईना. दूधवाल्यानं दार ठोठावलं म्हणून वाचले.

मला या ॲपमध्ये एकच गोष्ट हवीय. एक मोठं बटण. दाबलं की जवळच्या चार जणांचे फोन वाजतील, जो आधी उचलेल तो धावत जाईल. बाकी वधूवर यादी, गुरुजींचे नंबर, गणपतीचे फोटो — घाला काय घालायचं ते. बटण पाहिजे.


११ जानेवारी, बुधवार

हॉलवर दहा-बारा जणांना बोलावलं होतं, फोन कसा धरतात ते बघायला. कंपनीत हे काम मी रोज करते, पण तिथं समोर शिकलेली, नखं कापलेली माणसं असतात.

इथं! एक आजोबा प्रत्येक वेळी बोट जिभेला लावून मग माझ्या टॅबलेटला. पोथीचं पान उलटतात तसं. मी पुसते, ते परत लावतात. एका काकूंच्या फोनच्या काचेवर हळद, कणीक आणि आणखी काय देव जाणे. थंडीनं बोटं इतकी कोरडी की काचेला स्पर्शच कळेना, मग त्या चिडून नखानं टोकरायला लागल्या. डाव्या हातात फोन प्रसादाच्या द्रोणासारखा आणि उजव्या हाताची तर्जनी वरून सोडायची — असं सगळेजण. एकजण तर दाबायच्या आधी डोळे मिटत होते!

पण एक गोष्ट पक्की झाली. एकच हात मोकळा असेल तर फक्त अंगठा चालतो, आणि अंगठा वरच्या बाजूला पोचत नाही. बटण खाली हवं. अगदी तळाशी, आडवं, पूर्ण रुंदीचं.

घरी येऊन साबणानं दोनदा हात धुतले.


१५ जानेवारी, रविवार

आज संक्रांत. तिळगूळ वाटला. गोड बोलायचं असतं म्हणे. मग सगळे बसून भांडले.

मंडळाचे अध्यक्ष पांडुरंगराव — वय ऐंशी, आवाज अजून कोर्टातला — मी काढलेलं स्क्रीनचं चित्र हातात धरून म्हणाले, “ये क्या, मदतीचं बटण नीचे? नीचे म्हणजे पायाशी झालं ना. वर देव, त्याच्या खाली आश्रयदाते, आणि सेवा पायाशी? शोभतं का?”

मी म्हटलं, अंगठा वर पोचत नाही.

“तर बोट वापरा! देवानं पाच दिलीत.”

सगळे हसले. आणि माझे बाबा — सत्त्याहत्तर वय, छावनीच्या समाजाचे उपाध्यक्ष, या मुलीचे जन्मदाते — ते काय म्हणाले? “बटणाचं नंतर बघू. आधी आश्रयदात्यांमध्ये छावनीची माणसं पहिली येतील का, ते बोला. आमच्या वाडवडिलांनी तलवारी चालवल्या, तुमच्या नाही.” त्यावर पांडुरंगराव: “तलवार चालवली त्याचा हुकूम कुणी लिहिला?”

पुढचा सगळा वेळ हेच. इंचभर रुंदीचे नऊ फोटो. त्यासाठी तलवारी!

येताना बाबांशी एक शब्द बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.


२९ जानेवारी, रविवार

मी स्वतःला फार हुशार समजले. म्हटलं, कुणीच पहिला नको — ॲप उघडलं की दर वेळी फोटोंचा क्रम आपोआप बदलेल. कधी हे आधी, कधी ते. न्याय!

नमुना म्हणून नऊ जणांना पाठवलं. तर आता प्रत्येकजण आपला फोटो पहिला येईपर्यंत ॲप बंद करतो, उघडतो, बंद करतो, उघडतो. आला की स्क्रीनशॉट काढतो. आणि तो ग्रुपवर टाकतो, खाली लिहितो — ‘क्रम बघून घ्यावा.’ सकाळपासून चौतीस स्क्रीनशॉट. सहा बाबांचे.

सत्तरीच्या पुढची माणसं. नातवंडं आहेत यांना!


३० जानेवारी, सोमवार

आज आणखी अकरा.


१२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस मात्र लिहून ठेवायलाच हवा.

परत तोच विषय, बटण वर की खाली. मी बोलून बोलून थकले होते. पांडुरंगराव मतदान घ्या म्हणाले. इतक्यात मधुसूदनकाका काठी टेकत उठले. म्हटलं बोलतील काहीतरी. ते खोलीच्या मध्ये आले, काठी बाजूला ठेवली, आणि सतरंजीवर सरळ आडवे झाले. एका कुशीवर, डावा हात अंगाखाली. त्या दिवशी पडले होते तसे.

“माला, दे तो तेरा फोन.”

मी दिला. बटण वर असलेलं चित्र होतं. त्यांनी उजव्या हातात धरून अंगठा ताणला. पोचेना. फोन हातातून सटकला, परत उचलला, परत ताणला. सगळे उभे राहून बघताहेत. मग मी दुसरं चित्र लावून दिलं, बटण खाली असलेलं. पहिल्याच फटक्यात दाबलं.

“आता उठवा मला,” म्हणाले.

कुमुदिनी — आमची चिटणीस, दोन्हीकडच्यांना चालणारी ही एकच — तिनं डोळे पुसत ठराव लिहायला घेतला. तेवढ्यात पांडुरंगराव: “असं लिहा — बटण खाली नाही. पहिल्या स्क्रीनच्या शेवटी.”

लिहा बाबा, काय हवं ते लिहा! जागा मिळाली.


२२ मार्च, बुधवार. पाडवा

एकत्रीकरण झालं. दोन गुढ्या, कारण एका गुढीवर एकमत होईना. ॲप सुरू. चौदा स्वयंसेवक. कुणाच्या घरी जाऊन आलं की फोनवर तीन खाने येतात, त्यातला एक निवडायचा: ‘मदत केली’, ‘दवाखान्यात नेलं’, ‘चुकून दाबलं गेलं’. साधं, स्वच्छ. कुणाला टाइप करायला लावायचं नाही, हा माझा नियम.

बाबाही स्वयंसेवक झालेत. मला कौतुक वाटायला हवं होतं. पण मग बघितलं, स्वयंसेवकाच्या नावापुढे केशरी बिल्ला येतो.


२७ मार्च, सोमवार

ज्यांना जमत नाही त्यांच्या घरी जाऊन ॲप घालून देतेय. आज पाच घरं. चार घरी दहा-दहा मिनिटं. पाचवं घर शालिनीताईंचं, नई सडकेच्या गल्लीत दुसरा मजला. मंडळाच्या जुन्या सभासद, यजमान जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. तिथं दोन तास!

सोडेचनात. चहा. मग परत चहा. बशीत निम्मा सांडलेला, कप खालून चिकट. यजमानांचे फोटो. मग भिंतीवरचे फोटो. मग चकल्या, मऊ पडलेल्या. “बसा हो, घाई काय.” मी तीनदा उठले, तीनदा बसवलं. शेवटी म्हणाल्या, “बटण दाबलं की खरंच कुणी येतं?”

येतं, म्हटलं.

“कुणी पण?”

जो मोकळा असेल तो. आणि निघाले. जिन्यात सुटल्यासारखं वाटलं. म्हातारपणी माणसं इतकी चिकट का होतात?


९ एप्रिल, रविवार

पहिली खरी हाक! बिडला नगरचे जगदेवराव, साखर उतरली, घरात एकटे. बटण दाबलं. शेजारच्या लायनीतला स्वयंसेवक नऊ मिनिटांत पोचला, तोंडात साखर घातली, दवाखान्यात नेलं. वाचले.

मी एकटीच खोलीत नाचले. बाबांना सांगितलं. “अच्छा हुआ,” म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. एवढंच!


३० एप्रिल, रविवार

ओकारी यावी अशी मीटिंग.

कुमुदिनीनं आकडे वाचले. एकूण हाका एकतीस. त्यातल्या खऱ्या पाच. बाकी सव्वीस — ‘चुकून दाबलं गेलं’. सव्वीस! सगळ्या संध्याकाळच्या, पाचच्या सुमाराच्या. दर वेळी चार जणांचे फोन घंटेसारखे वाजणार. एकजण म्हणाला, “मी बँकेत लायनीत होतो, लोकांना वाटलं आग लागली.” तिघांनी राजीनामे दिलेत स्वयंसेवकीचे.

पांडुरंगराव खूश. “मी सांगत होतो. नीचे ठेवलं म्हणून येता-जाता हात लागतोय. खेळणं झालंय लोकांचं. फिजूल की झंझट. काढून टाका.”

मी बाबांकडे बघितलं. म्हटलं, हा माणूस फोटोच्या क्रमावर दोन तास उभा राहून बोलतो. आता स्वतःच्या मुलीच्या कामावर दोन वाक्यं बोलेल. स्वयंसेवक आहे, जाऊन आलाय, त्याला सगळं माहीत आहे. बोलेल.

मान खाली घालून बसले होते. नखं बघत. एक शब्द नाही! कुमुदिनीनं विचारलंसुद्धा, “विश्वासराव, तुम्ही तर कितीदा गेला आहात, तुमचं काय म्हणणं?” तर उठले आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

मला सात तारखेपर्यंत मुदत दिलीय. चुकीच्या हाका बंद करा, नाहीतर बटण बंद.

घरी आल्यावर विचारलं, बाबा, गप्प का बसलात? म्हणाले, “काय बोलणार?” मला त्यांचा इतका तिटकारा कधीच आला नव्हता. लिहितेय, लाज वाटत नाही.


२ मे, मंगळवार

सव्वीस वेळा! कोण असेल? कुणीतरी म्हातारी भाजी निवडताना फोन मांडीखाली घेऊन बसत असणार. किंवा नातवाच्या हातात देत असेल. पाच लोकांचे जीव ज्यावर वाचले त्याच्यावर यांच्या मांड्या!

यादी काढून नावं बघणार होते. नाही बघितली. बघितली असती तर घरी जाऊन भांडले असते. आणि एकेकाला समजावत बसायचं नसतं, स्क्रीनच अशी करायची असते की चूक होणारच नाही. हे मी नव्या मुलींना शिकवते.


५ मे, शुक्रवार

झालं. उपाय इतका सोपा की माझाच राग आला. बटण नुसतं दाबून चालणार नाही. तीन सेकंद दाबून धरायचं. बोट ठेवलं की भोवती केशरी कडं भरत जातं, पूर्ण भरलं की हाक जाते. मध्येच सोडलं किंवा बोट सरकलं, तर काहीच नाही. मांडीला, नातवाला, पिशवीतल्या किल्ल्यांना तीन सेकंद स्थिर राहता येत नाही.

हॉलवर नऊ जणांकडून करून बघितलं. नऊही जणांना जमलं. मधुसूदनकाका तर न सांगता परत आडवे झाले! जमलं. टाळ्या.

संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर पाठवून दिलं. बाबांच्याही.


७ मे, रविवार

बटण राहिलं. ठराव झाला. जिंकले!


२१ मे, रविवार

पंधरा दिवसांत दोन हाका, दोन्ही खऱ्या. चुकून — शून्य. कुमुदिनीनं शून्य वाचलं तेव्हा पांडुरंगराव स्वतः उठले, शाल-नारळ दिला. “पोरीनं करून दाखवलं,” म्हणाले. राजीनामे दिलेले तिघे परत आले. मला रडू आलं, लपवलं.

बाबांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. फुगून बसलेत कशावर तरी. फोटोच असणार, दुसरं काय!

घरी तर आणखी तऱ्हा. चव्वेचाळीस डिग्री तापमान, आणि हे रोज साडेचारला दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, बूट चढवतात आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात. जात कुठंच नाहीत. मांडीवर फोन. साडेसहा झाले की बूट काढतात. मी विचारलं, कुठं निघालात? “कुठं नाही.” चहा दिला तर अर्धा टाकला. काल म्हणाले, “माला, तुझं ते बटण बिघडलं तर नाही ना?”

मी म्हटलं, बिघडलं होतं, आता दुरुस्त झालंय. आणि आत आले. इतकं नाटकी म्हातारपण मला यायच्या आत मरण येवो.


२४ मे, बुधवार

आज यादी उघडली, नावांसकट.

चुकून दाबल्याच्या सव्वीसच्या सव्वीस हाका शालिनीताईंच्या. सव्वीस वेळा गेलेले एकच, बाबा. पोचले पाच वाजून दहा मिनिटांनी, ‘चुकून’चा खाना भरला साडेसहाला. रोज तेच.

व्हरांड्यात जाऊन विचारलं. बूट घालूनच बसले होते. “एकट्या असतात. चहा करतात. बसतो जरा, बोलतो,” म्हणाले. “तू तीन खाने दिलेस. त्यात हे कुठं लिहू? गल्लीत त्यांचं नाव खराब झालं असतं.”

मी म्हटलं, मग आत्ता जा ना सरळ! बटण कशाला हवं?

“बोलावणं आल्याशिवाय कसं जायचं, माला?”

अर्धवट राहिलेले स्पर्शही ॲपमध्ये नोंदले जातात. मी कधी बघितले नव्हते. सहा मेपासून रोज पाचच्या सुमाराला, शालिनीताई. एक सेकंद, सरकलं. दीड सेकंद, सरकलं. एक सेकंद. हात कापतो त्यांचा, बाबा म्हणाले.

आज अकरा वेळा.